दोन टोळ्यांची कलमं: ८२ टक्के आणि ७४ टक्के यातला फरक खरा कसा ओळखायचा?

निफाडचा_बागायतदार
नमस्कार मंडळी. द्राक्षबागेत डॉगरीजचे खुंट (ज्यांच्यावर कलम बांधायचं ती मुळाकडची झाडं) चांगले वाढलेत, ऑगस्टअखेर त्यावर थॉमसन या द्राक्षवाणाच्या काड्या बांधायच्या आहेत. आमच्या भागात कलमं बांधणाऱ्या दोन टोळ्या येतात. पाचर कलम दोघीही करतात, पण पहिल्या टोळीचा कलमामागे दर जास्त आहे. त्यांचं म्हणणं, "आमची कलमं जास्त फुटतात."
या वेळी दोघींनाही थोडं थोडं काम देऊन मोजायचं ठरवलंय. मोजणं जमेल. पण मोजल्यावर काय करायचं ते नीट कळत नाही. समजुतीसाठी आकडे धरू: दोघींनी २००-२०० कलमं बांधली, पहिलीची १६४ फुटली, दुसरीची १४८. म्हणजे ८२ टक्के आणि ७४ टक्के. हा फरक टोळीचा म्हणायचा की नशिबाचा? इथे संख्याशास्त्रातली जाणकार मंडळी आहेत, म्हणून विचारतोय.

ओझरकर
दादा, ८ टक्के फरक डोळ्यांना दिसतोय की. पहिल्या टोळीला बोलवा. यात संख्याशास्त्र कशाला?

गोदाकाठची
ओझरकर, प्रश्न त्या ४०० कलमांपुरता असता तर तुमचं बरोबर होतं. पण दादांना ठरवायचंय ते पुढच्या हजारो कलमांसाठी. एकाच टोळीने, एकाच हाताने २००-२०० च्या दोन खेपा बांधल्या तरी दोन्हींत नेमकी तेवढीच फुटणार नाहीत. एका खेपेत १५२, दुसरीत १६१ असं सहज होईल. तर हा योगायोगाचा हेलकावा साधारण केवढा असतो, आणि आपला ८ टक्क्यांचा फरक त्याच्या किती पट आहे, एवढंच आपण मोजतो.

कॅल्क्युलेटर घ्या. आधी धरून चालू की दोन्ही टोळ्या सारख्याच आहेत. मग सगळ्यांची मिळून ४०० पैकी ३१२ फुटली, म्हणजे ०.७८. न फुटलेली ०.२२. यांचा गुणाकार ०.१७१६. त्याला (१/२०० + १/२००) म्हणजे ०.०१ ने गुणा आणि वर्गमूळ काढा: ०.०४१४. हा हेलकाव्याचा आकार, याला स्टँडर्ड एरर म्हणतात. आपला फरक ०.०८. भागिले ०.०४१४ केलं की १.९३ येतं. हे झालं झेड. ढोबळ संकेत असा की झेड १.९६ च्या पलीकडे गेला तर फरकाची दखल घ्यायची. आपण उंबरठ्याच्या अगदी अलीकडे आहोत.

याचीच पी-व्हॅल्यू ०.०५३. तिचा अर्थ नीट लक्षात ठेवा: दोन्ही टोळ्या खरंच सारख्या असत्या, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूने, शंभरात पाच-साडेपाच वेळा दिसला असता. "टोळ्या सारख्या असण्याची शक्यता ५.३ टक्के" असा तिचा अर्थ नाही. हा घोटाळा शिकलेली माणसंही करतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

निफाडचा_बागायतदार
ताई, खूप आभार. म्हणजे १.९६ च्या आत आहे तर "फरक नाही" असं समजून स्वस्तातली टोळी घ्यायची?

गोदाकाठची
नाही! "फरक सिद्ध झाला नाही" आणि "फरक नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. ०.०४९ आलं की हार घालायचा आणि ०.०५३ आलं की हाकलून द्यायचं, असं करू नका. दोन आकड्यांत कलमभराचं अंतर असतं. पहिल्या टोळीचं आणखी एकच कलम फुटलं असतं तर निकाल उंबरठ्यापलीकडे गेला असता.

हो-नाही सोडा, कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा. इथे "दोन्ही सारख्या" असं धरायचं नाही, म्हणून दोघींची त्रुटी (स्टँडर्ड एरर) वेगवेगळी घ्यायची. ०.८२ × ०.१८ भागिले २००, अधिक ०.७४ × ०.२६ भागिले २००. बेरीज ०.००१७, वर्गमूळ ०.०४१२. याच्या १.९६ पट म्हणजे ०.०८१. तर फरक ८ टक्के, कमी-अधिक ८.१. म्हणजे खरा फरक उणे ०.१ पासून १६.१ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो.

आता हे बागेत आणा. ९ बाय ५ फुटांवर लागवड असेल तर एकरी ९६८ झाडं. म्हणजे पहिल्या टोळीमुळे एकरी जवळजवळ शून्यापासून १५६ पर्यंत खुंट जास्त फुटतील, मधला अंदाज ७७. ७७ ठिकाणी पुन्हा काडी बांधायची मजुरी, मागे पडलेल्या झाडांचं वर्ष, मंडपावर राहणारी मोकळी जागा, हे सगळं एका बाजूला ठेवा. टोळीच्या दरातला फरक दुसऱ्या बाजूला. हा हिशोब पी-व्हॅल्यू करून देत नाही, तो तुम्हालाच करायचा आहे. आणि तो माझ्यापेक्षा तुम्हाला चांगला येतो.

सिन्नरची_लॅब
गोदाकाठची, उत्तम प्रतिसाद. एक शंका. मी हेच आकडे 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणक-प्रणालीत प्रॉप-टेस्ट या फंक्शनला दिले तर पी-व्हॅल्यू ०.०७० आली. तुमची ०.०५३. आमच्याकडे बॅच रिपोर्टमध्ये असला फरक पडला तर ऑडिटर पहिला तोच प्रश्न विचारतो.

गोदाकाठची
दोन्ही बरोबर आहेत. 'आर' न विचारता येट्सची सुधारणा लावतो. कलमं मोजताना १६४ नंतर थेट १६५ येतं, मधलं काही नसतं. पण झेडचा वक्र सलग असतो. ती तफावत भरून काढायला फ्रँक येट्स यांनी १९३४ मध्ये फरकातून थोडं वजा करायला सांगितलं. इथे ०.०८ चे ०.०७५ होतात, झेड १.८१ वर उतरतो आणि पी-व्हॅल्यू ०.०७० होते. सुधारणा बंद करण्याचा पर्याय त्याच फंक्शनमध्ये आहे, बंद केलीत की ०.०५३ येईल. एक्सेलमध्ये काय-स्क्वेअरचं फंक्शन वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अपेक्षित आकड्यांचा तक्ता तिथे आपणच मांडून द्यावा लागतो, आणि ते येट्सची सुधारणा लावत नाही. काय-स्क्वेअर म्हणजे दोन गटांच्या बाबतीत या झेडचाच वर्ग: १.९३१ चा वर्ग ३.७३.

माझं मत विचाराल तर येट्सची सुधारणा गरजेपेक्षा जास्त सावध आहे. खरा फरकही ती झाकते. अहवालात मात्र कोणती पद्धत वापरली ते लिहायचंच, आणि ती आकडे बघण्याआधी ठरवायची. दोन्ही करून आवडेल ती ठेवणं चुकीचं.

चांदवडकर
वाचतोय. आमचा उन्हाळ कांदा चाळीत असतो. दरवेळी २०० वगैरे कुठून आणायचे? समजा दहा-दहा पिशव्यांवर दोन प्रकार करून पाहिले, एकात ९ पिशव्या चांगल्या राहिल्या, दुसऱ्यात ५. ९० टक्के आणि ५० टक्के. हा तर ४० टक्क्यांचा फरक! हा तरी पक्का ना?

गोदाकाठची
चांदवडकर, तोच झेड लावलात तर १.९५ येतो, पी-व्हॅल्यू ०.०५१. पण इथे त्या सूत्रावर टेकू नका. सूत्राला आकडे पुरेसे मोठे लागतात. जुना नियम असा की तक्त्याच्या प्रत्येक घरात अपेक्षित संख्या निदान ५ हवी. तुमच्याकडे २० पैकी ६ पिशव्या खराब, म्हणजे प्रत्येक गटात खराबची अपेक्षित संख्या ३.

अशा वेळी संख्याशास्त्रज्ञ फिशर यांची अचूक चाचणी. तिला वक्र लागत नाही, नुसती मोजणी लागते. २० पिशव्यांतल्या १४ चांगल्या आणि ६ खराब असणारच होत्या असं धरा. मग त्या ६ दोन गटांत किती प्रकारे वाटल्या जाऊ शकतात? एकूण ३८,७६०. त्यांपैकी ९-५ अशी वाटणी २,५२० प्रकारे आणि १०-४ अशी २१० प्रकारे. बेरीज २,७३०, म्हणजे ०.०७०. उलट्या बाजूचीही तेवढीच. एकूण ०.१४१. म्हणजे शंभरात चौदा वेळा हे आपोआप घडू शकतं. ४० टक्के ऐकायला केवढा वाटला तरी दहा पिशव्यांवर तो पक्का नाही.

फिशर यांनी ही कल्पना चहाच्या कपांवर समजावली होती. आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. चाखून चारही कप बरोबर ओळखायचे. निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. चाखणाऱ्या बाई होत्या म्युरिएल ब्रिस्टल, त्या शेवाळांवर संशोधन करत. फिशर आणि त्या दोघंही इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते. ही सगळी विद्या शेतातच वाढलीय, म्हणून कुणी "शेतात संख्याशास्त्र कशाला" म्हटलं की मला राहवत नाही.

फिशरची चाचणीही लहान आकड्यांना जरा कडकच पडते. बर्नार्ड यांची १९४५ ची आणि बॉशलू यांची १९७० ची चाचणी तितकी कडक नाही, पण त्यांना संगणक हवा. हाताने करणाऱ्याला एक सोपी युक्ती पुरते: काय-स्क्वेअरला एकूण संख्येतून एक वजा करून गुणायचं आणि एकूण संख्येने भागायचं. तुमच्या आकड्यांवर ३.८१ चे ३.६२ होतात, पी-व्हॅल्यू ०.०५७. अपेक्षित संख्या प्रत्येक घरात १ च्या वर असली तरी हे चालतं असं बऱ्याच जणांनी तपासून दाखवलंय.

इंटरव्हलसाठी अग्रेस्टी आणि कॅफो यांची २००० सालची युक्ती लक्षात ठेवा: प्रत्येक गटात एक यश आणि एक अपयश जास्तीचं धरा आणि मग नेहमीचं सूत्र लावा. तुमच्या पिशव्या १२ पैकी १० आणि १२ पैकी ६ होतील. कागदावर दोन मिनिटांचं काम, आणि लहान नमुन्यात साध्या सूत्रापेक्षा कितीतरी भरवशाचं.

डॉक्टर_गंगापूररोड
धागा आवडला. आमच्या क्षेत्रातलं एक उदाहरण देतो, म्हणजे उलटी बाजूही दिसेल. १९५४ साली अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लसीची मोठी चाचणी झाली. लस आणि लस नसलेलं, पण तसंच दिसणारं द्रव अशा दोन गटांत सुमारे दोन-दोन लाख मुलं. लस घेतलेल्यांत लाखामागे २८ जणांना पोलिओ झाला, दुसऱ्या गटात लाखामागे ७१ जणांना. टक्क्यांत बघाल तर फरक ०.०४३, म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण दोन लाखांच्या गटात हा फरक योगायोगाचा असणं जवळजवळ अशक्य. आणि धोका निम्म्याहून कमी झाला होता.

बागायतदारांना एक सुचवतो. कुणी तुम्हाला "इतके टक्के फायदा" म्हटलं की कशाचे टक्के ते विचारा. तुमच्याच आकड्यांत ८ टक्के फरक आहे, पण "११ टक्के जास्त फुटतात" हेही खरं, कारण ८२ भागिले ७४. आणि न फुटणारी २६ वरून १८ वर आली म्हणून "मर ३१ टक्क्यांनी घटली" हेही खरं. औषधविक्रेता यातला कोणता आकडा सांगेल ते सांगायला नको. मी पेशंटला उलट करून सांगतो: साधारण १२-१३ कलमांमागे एक जास्त फुटतं.

ओझरकर
डॉक्टर, हे १२-१३ चं एकदम पटलं. आता मला कळलं की नुसता टक्का का पुरत नाही. ताई, पुढे लिहा.

गोदाकाठची
लिहिते, कारण खरा मुद्दा अजून आलाच नाही. वरची सगळी सूत्रं एका अटीवर उभी आहेत: दोन्ही गट एकमेकांपासून स्वतंत्र आणि बाकी बाबतींत सारखे, आणि गटातलं प्रत्येक कलमही दुसऱ्यापासून स्वतंत्र. सूत्र चुकलं तर पी-व्हॅल्यू ०.०५ ची ०.०७ होते. ही अट मोडली तर निकालच उलटा होतो.

दादा, तुमच्याच आकड्यांवर दाखवते. समजा पहिली टोळी आधी आली आणि तिने पेन्सिलीएवढ्या जाड, रसरशीत खुंटांच्या ओळी घेतल्या. दुसरीच्या वाट्याला बारीक खुंट राहिले. पहिलीची जाड खुंटांवर १५० पैकी १३२ फुटली, बारीकवर ५० पैकी ३२. दुसरीची जाडवर ५० पैकी ४५, बारीकवर १५० पैकी १०३. बेरीज करून बघा, तेच १६४ आणि १४८.

आता खुंटानुसार बघा. जाड खुंट: पहिली ८८ टक्के, दुसरी ९०. बारीक खुंट: पहिली ६४, दुसरी जवळजवळ ६९. दोन्हीकडे दुसरी टोळी पुढे, आणि एकत्र केलं की पहिली पुढे! यात आकड्यांची चलाखी नाही. दुसऱ्या टोळीला अवघड काम मिळालं, एवढंच. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. बर्कली विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष सुमारे ४४ टक्के आणि स्त्रिया ३५ टक्के निवडल्या गेल्या, म्हणून ओरड झाली. विभागवार पाहिल्यावर कळलं की स्त्रियांनी जास्त करून जिथे प्रवेशच कठीण अशा विभागांत अर्ज केले होते.

कोणतीही चाचणी हे आपोआप पकडत नाही. खुंटाची जाडी लिहून ठेवली असेल तर मँटेल-हेन्झेल पद्धतीने दोन्ही थरांतली तुलना जोडता येते. लिहूनच ठेवली नसेल तर काहीच करता येत नाही.

दुसरी गोष्ट ओळींची. एका ओळीतली २० खुंटं एकाच ठिबकच्या नळीवर असतात. जमीन तीच, बांधणारा माणूसही बहुतेक तोच, काड्यांची जुडीही तीच. नळी तुंबली तर २० कलमं एकदम बसतात. म्हणजे ती २० वेगळी कलमं मोजली तरी माहिती २० कलमांची मिळत नाही. ओळीतल्या कलमांचं आपसातलं साधर्म्य अगदी ०.०५ धरलं तरी १ + १९ × ०.०५ म्हणजे १.९५. २०० ला त्याने भागा: तुमची २०० कलमं १०३ सारखी वागतात! मग ८ टक्क्यांचा इंटरव्हल उणे ३ पासून १९ पर्यंत पसरतो, पी-व्हॅल्यू ०.१७ वर जाते. कलमं तेवढीच, फुटलेलीही तेवढीच, पण खात्री निम्म्यावर आली.

चांदवडकर
मग आमच्या चाळीतल्या पिशव्यांचंही हेच. खालच्या थरातल्या पिशव्यांना हवा लागत नाही, तिथे सड वाढते. आणखी एक विचारतो. तीच पिशवी जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये पाहिली तर ही पद्धत चालेल?

गोदाकाठची
नाही. तीच पिशवी दोनदा म्हणजे जोडी झाली, दोन स्वतंत्र गट नव्हेत. तिथे मॅकनिमार यांची १९४७ ची चाचणी. तिच्यात फक्त ज्या पिशव्या बदलल्या त्यांचीच मोजणी होते.

निफाडचा_बागायतदार
ताई, डोळे उघडले. नेमकं हेच होणार होतं. जी टोळी आधी येईल तिला विहिरीकडचा तुकडा देणार होतो, तिथे माती भारी आणि खुंट जोरात आहेत. आता असं करतो: तुकड्यात ओळींच्या जोड्या पाडतो, शेजारशेजारच्या दोन ओळी म्हणजे एक जोडी. प्रत्येक जोडीत नाणं उडवून ठरवतो कोणती ओळ कुणाची. बरोबर आहे का? आणि किती कलमं लागतील?

गोदाकाठची
अगदी बरोबर. पीक कापणी प्रयोगात प्लॉटची जागा यादृच्छिक संख्यांवरून काढतात ती याचसाठी. चांगला कोपरा कुणी निवडू नये. नाणंच उडवा, "एक आड एक" नको, म्हणजे टोळीलाही आधी सांगता येणार नाही.

संख्या: ८२ आणि ७४ इतका फरक खरंच असेल आणि तो दहापैकी आठ वेळा पकडायचा असेल, तर ७.८५ (१.९६ चा उंबरठा आणि दहापैकी आठ यांसाठीचा ठरलेला आकडा) × (०.१४७६ + ०.१९२४) भागिले ०.०८ चा वर्ग. उत्तर ४१७. म्हणजे प्रत्येक टोळीला साधारण ४२० कलमं, तीही सगळी स्वतंत्र असती तर. ओळींमुळे जवळजवळ दुप्पट धरा, ८०० च्या वर. २० च्या ओळी असतील तर टोळीमागे चाळीस-एकेचाळीस ओळी. जास्त ओळी घ्या, ओळीतली कलमं कमी झाली तरी चालेल.

हिशोब करताना एकूण टक्केवारीवर जाऊ नका. प्रत्येक ओळीचा टक्का काढा, जोडीतला फरक घ्या, आणि त्या फरकांची सरासरी आणि तिची त्रुटी काढा. तुम्ही जोड्या पाडल्यात, म्हणजे आता दोन स्वतंत्र प्रमाणांचं सूत्र लागू होत नाही. पण जमीन, पाणी, खुंट यांचा गोंधळ बराचसा जोडीतच वजा होतो, म्हणून हा सौदा फायद्याचा आहे.

सिन्नरची_लॅब
एक भर घालते. "फुटलं" कशाला म्हणायचं ते आधी लिहून ठेवा. डोळा फुगला की फुटलं, की पान उघडलं की? आणि मोजणारा माणूस टोळीचा नको. शक्य असेल तर ओळ कुणाची आहे ते त्याला माहीतच नको.

निफाडचा_बागायतदार
लिहून ठेवतो: बांधल्यापासून ३० व्या दिवशी, निदान एक पान पूर्ण उघडलेलं असेल तरच फुटलं. मोजणीला पुतण्याला बसवतो, तो ओझरला कॉलेजात आहे, त्याला टोळ्या ओळखू येत नाहीत. ओळींच्या खांबांवर नुसते क्रमांक टाकतो, यादी माझ्या वहीत. खुंटाची जाडी बांधायच्या आदल्या दिवशी व्हर्नियरने घेतो. पाऊस लांबून टोळ्या वेगवेगळ्या आठवड्यात आल्या तर काय?

गोदाकाठची
मग तुलना टोळीची राहत नाही, हवामानाचीही होते. दमट हवेत कलम सहज लागतं, ऊन तापलं की काडी सुकते. दोघींना एकाच दिवशी बोलवा. जमलंच नाही तर दोघींना दोन्ही आठवड्यांत निम्मं-निम्मं काम द्या आणि ओळीसमोर बांधल्याची तारीख लिहा. आकडे आले की ओळीवार तक्ता इथेच टाका, सगळे मिळून हिशोब करू.

ओझरकर
दादा, व्हर्नियर माझ्याकडे आहे, घेऊन येतो. मोजायलाही थांबतो.